शिकायला गेलाय की फिरायला?

‘सरकारच्या पैशावर पोरं शिकायला गेलीत की फिरायला?’

परदेशात शिकणाऱ्या मुलाने पॅरिसचा, प्रागचा, नाहीतर नुसत्या एखाद्या रेल्वे स्टेशनचा फोटो स्टेटसला ठेवला की गावाकडे हा प्रश्न हमखास उठतो. विचारणारी माणसं वाईट नसतात. कुणी निवृत्त मुख्याध्यापक असतात, कुणी पतसंस्थेचे संचालक, कुणी मुलाचे सख्खे काका. वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीच्या आसपासच्या बंजारा तांड्यांवर तर या प्रश्नाला जास्तच धार चढते. तिथून परदेशी विद्यापीठापर्यंत पोचलेला मुलगा एका घराचा राहत नाही. त्याच्या पासपोर्टपासून विमानापर्यंत अर्ध्या तांड्याने काही ना काही हातभार लावलेला असतो, आणि ज्याने हातभार लावला त्याला हिशेब विचारायचा हक्कही वाटतो.

हिशेब जरूर विचारावा. पण मग पुरता विचारावा.

आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं साधारण असं असतं: शिष्यवृत्ती हा लोकांचा पैसा, तो शिकण्यासाठी दिलेला. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं विकत घेतली, सहली काढल्या नाहीत. फिरायचंच तर नोकरी लागल्यावर अख्खं आयुष्य पडलंय. या म्हणण्याला अलीकडे एक चुलत भाऊ जन्मला आहे. तो रागावत नाही, उलट पाठ थोपटून सल्ला देतो की फिरा की, पण जिथलं तिकीट सगळ्यांत स्वस्त दिसेल तिथे जा आणि दोन वर्षांत वीस देश ‘करून’ टाका. वरवर पाहता ही दोन टोकं. प्रत्यक्षात दोघांचं एका बाबतीत पक्कं एकमत आहे: प्रवास ही चैन, अभ्यासाशी तिचं देणंघेणं नाही. एकाला ती चैन नको असते, दुसऱ्याला ती सवलतीत हवी असते, एवढाच फरक. या लेखाचं भांडण दोघांशीही आहे.

आधी लोकांच्या पैशाचं पाहू. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या वर्षाला १२५ जागा. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी, आणि देशभरातल्या सगळ्या विमुक्त, भटक्या, अर्धभटक्या जमातींना मिळून ६. महाराष्ट्रात इतर मागास बहुजन कल्याण विभागाची वेगळी योजना आहे, तिच्या जागा वाढत वाढत ७५ वर आल्या, पण त्यातही इतर मागासवर्गापासून विमुक्त जातींपर्यंत सगळे वाटेकरी. केंद्राच्या योजनेत इंग्लंडमध्ये शिकणाऱ्याला निर्वाहासाठी वर्षाला ९,९०० पौंड मिळतात, अमेरिकेत आणि इतर देशांत १५,४०० डॉलर. ९,९०० ला बाराने भागलं की महिन्याला ८२५ पौंड हातात येतात. आता दुसरा आकडा. विद्यार्थ्याला जगायला किती लागतं हे ब्रिटिश सरकार व्हिसाच्या नियमांत स्वतःच लिहून ठेवतं. जानेवारी २०२५ मध्ये तो आकडा लंडनसाठी महिन्याला १,४८३ पौंड होता आणि लंडनबाहेर १,१३६, आणि पुढे तो आणखी वाढला.

म्हणजे लंडनमध्ये राहणाऱ्याला शिष्यवृत्ती जेमतेम निम्म्यावर आणून सोडते. ज्या रकमेत भाडं आणि भाजीपालाच बसत नाही त्या रकमेवर पोरं युरोप फिरतात, हा आरोप गणितातच नापास होतो. फिरण्याचा पैसा येतो तो सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करायच्या परवानगीतून. हॉटेलात भांडी घासून, गोदामात खोकी उचलून, म्हाताऱ्या माणसांना आंघोळी घालून मिळवलेला तो पैसा असतो. त्याचा हिशेब लोकांनी मागायचा, तर मग पतसंस्थेच्या संचालकांच्या तिरुपती सहलीचाही मागावा लागेल.

आणि एक गंमत. याच योजनेत निर्वाहाखेरीज एक किरकोळ खर्चाचा भत्ता असतो, इंग्लंडसाठी वर्षाला १,१०० पौंड. तो कशासाठी, तर पुस्तकं, आवश्यक उपकरणं, प्रबंधाचं टंकलेखन आणि बांधणी, आणि याच ओळीत अभ्यासदौरा. जे सरकारी बाबूंना कळलं ते काकांना कळू नये याचं नवल वाटतं.

कर्ज काढून गेलेल्यांची गोष्ट वेगळी, हे मान्य करायला हवं. वाशीम, यवतमाळ, बुलढाण्याकडची बरीच मुलं शिष्यवृत्तीवर नव्हे, शेत किंवा घर गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर जातात. तिथे व्याज रोज चढत असतं आणि रुपया घसरला की फेडीचं गणितही सरकतं. खोलीचं भाडं थकलेलं असताना क्रेडिट कार्डावर बार्सिलोना गाठणारा मुलगा मूर्खपणाच करतो, त्याची बाजू इथे कुणी घेणार नाही. पण त्याच्याकडे बोट दाखवून बाकी सगळ्यांना दोन वर्षं खोली, ग्रंथालय आणि कामाची पाळी या त्रिकोणात कोंडणं हा उपाय नव्हे.

बाबासाहेबांचा दाखला देणाऱ्यांना तर थोडं थांबवायलाच हवं. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, महिन्याला साडेअकरा पौंडांत भागवत होते, आणि उरलेला पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात होता. हे सगळं खरं. पण यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. त्यांच्या डोक्यावर मुदतीची टांगती तलवार होती, शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. आणि पुन्हा लंडनला गेल्यावर याच माणसाने १९२२ मध्ये जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव दाखल केलं होतं. एका शहरात बसून सगळं मिळतं असं त्यांना वाटत असतं तर राइनकाठी जायचं कारण नव्हतं. कुठे जायचं हे ते काय शोधायचंय त्यावरून ठरवत होते. अनुकरण करायचंच तर याचं करावं.

दुसरा दाखला या वादात कुणी काढत नाही, कारण तो सोयीचा नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले, तेही युनिटेरियन मंडळींनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर, म्हणजे दुसऱ्यांच्याच पैशावर. शिकता शिकता ते हिंडले. इंग्लंडमधल्या गरीब वस्त्यांत धर्मसंस्था कशा काम करतात ते पाहिलं, पॅरिस पाहिलं, १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उदारधर्म परिषदेला गेले आणि हिंदुस्थानातल्या उदारधर्मावर निबंध वाचला. परतल्यावर तीन वर्षांत, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ उभं राहिलं. शिंदे ऑक्सफर्डच्या वर्गातून थेट बोटीवर चढले असते तरी चांगले धर्मोपदेशक झाले असते. मिशन कसं चालवतात, वस्तीत घुसून काम कसं करतात, ही अक्कल मात्र वर्गातल्या फळ्यावरून आलेली नव्हती.

आता पोहरादेवीकडे. रामनवमीच्या यात्रेला इथे महाराष्ट्रातून तर लोक येतातच, पण कर्नाटक, तेलंगणा, आंध्र, मध्य प्रदेश, गुजरातमधूनही जीपगाड्या आणि टेम्पो भरून येतात. संत सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबेचं मंदिर, जवळच उमरी. बंजारा समाज याला आपली काशी म्हणतो. येणाऱ्यांत ऊसतोडीची उचल घेतलेली कुटुंबं असतात, पुण्या-मुंबईच्या बांधकामावरचे गवंडी असतात. वर्षभराच्या ओढाताणीतून बाजूला काढलेल्या पैशात हा प्रवास होतो. तरी याला कुणी उधळपट्टी म्हणत नाही. मग पोराच्या प्रवासालाच का? देवासाठीचा प्रवास पुण्य आणि समजून घेण्यासाठीचा प्रवास पाप, अशी विभागणी तरी कुणी केली?

ज्या समाजात ही विभागणी चालते त्याचा पूर्वेतिहास पाहिला तर हसू येतं. कमी खर्चात कुठे, कोणत्या वाटेने आणि कधी जायचं हे ठरवणं हाच तर बंजाऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा होता. त्याला लदेणी म्हणत. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने १६३० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात एक तांडा पाहिला, त्यात धान्य लादलेले १४ हजार बैल होते. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्नियेनेही दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहून लिहून ठेवले आहेत. बैल वाटेतल्या कुरणांवर चरत, म्हणून वाहतूक स्वस्त पडे. दिवसाला थोडेच कोस कापले जात, म्हणून वेळ लागे. वेळ जास्त घालून पैसा वाचवायचा, हे तंत्र होतं. चारा-पाणी कुठे मिळेल, पुढच्या बाजारात मिठाला काय भाव आहे, कोणत्या मुलखात लढाई पेटली आहे आणि म्हणून तिथे धान्य महाग असणार, एवढा विचार करून नाईक वाट ठरवायचा. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारे तांडे याच हिशेबावर चालत होते.

मग रेल्वे आली. १८६७ पर्यंत वऱ्हाडातून नागपूरपर्यंत रूळ पोचले आणि बैलाच्या पाठीवरची गोणी निकामी झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पुढे तो प्रांतोप्रांती पसरला, त्याच्या याद्यांत बंजारा-लमाणांचे अनेक गट शिरले. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, नेमून दिलेली हद्द ओलांडायची तर परवाना घ्यायचा. हा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द तेव्हाचा. फिरणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहायची खोड मात्र कागदाबरोबर रद्द झाली नाही. ‘फिरायला गेलाय का?’ या प्रश्नात ज्या सुरात ‘फिरायला’ म्हटलं जातं, तो सूर पोलीस पाटलाच्या हजेरीपुस्तकातला आहे. तो त्याच समाजातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी यावा, हे दुर्दैव.

स्वस्त तिकीटवाल्या सल्लागारांना हा इतिहास सांगण्यात अर्थ नाही, त्यांना आकडेच दाखवावे लागतात. कमी भाड्याच्या विमान कंपन्या मुख्य शहराच्या नावाखाली पार लांबच्या धावपट्टीवर उतरवतात. ‘पॅरिस-बोव्हे’ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर, ‘फ्रँकफर्ट-हान’ फ्रँकफर्टपासून सुमारे १२०, आणि ‘म्युनिक वेस्ट’ म्हणून विकलेलं मेमिंगन म्युनिकपासून सुमारे ११०. वाशीमला उतरवून ‘हे घ्या अकोला’ म्हणण्यातलाच हा प्रकार. पुढे बसचं भाडं, सीटखाली न मावणाऱ्या बॅगेचे पैसे, पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम. वीस युरोंचं तिकीट घरी येईपर्यंत शंभराच्या वर गेलेलं असतं आणि पदरात पडते दीड दिवसाची तंगडतोड.

त्यात व्हिसा. ही गोष्ट सल्लागार शेवटच्या ओळीत सांगतात, खरं तर ती पहिल्या ओळीत हवी. इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या भारतीय मुलाला युरोपात जायचं तर शेंगेन व्हिसा काढावा लागतो. जून २०२४ पासून त्याचं शुल्क ९० युरो झालं आहे, वर किमान ३० हजार युरोंचा प्रवासविमा, बँकेचे कागद आणि भेटीची तारीख मिळवायची मारामार. त्याने शनिवार-रविवारच्या स्वस्त उड्डाणांच्या नादी लागणं म्हणजे शुद्ध नुकसान. त्याच्यासाठी हिशेबात बसणाऱ्या वाटा दोनच आहेत: एकदाच व्हिसा काढून सुट्टीत एक सलग मोठा दौरा, नाहीतर ब्रिटन बेटच नीट पाहणं. रेल्वेचं तरुणांचं सवलत कार्ड घेतलं की भाडं एक तृतीयांशाने उतरतं, आणि राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम दालनांना २००१ पासून तिकीट नाही. जर्मनीत शिकणाऱ्याची गोष्ट उलटी. त्याच्या निवास परवान्यावर शेंगेनचे बाकीचे देश १८० दिवसांत ९० दिवस खुले असतात, आणि जानेवारी २०२५ पासून रुमानिया-बल्गेरियाही त्यात पुरते आले. रात्रीची बस हेच त्याचं विमान. देशातल्या देशात फिरायला ‘डॉइचलांडटिकेट’ आहे. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोंना सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं, तरी त्यात सगळ्या साध्या गाड्या चालतात आणि बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते आणखी स्वस्त पडतं. साधी गाडी हळू जाते. लदेणीचे बैलही हळूच जायचे.

तेव्हा ‘सगळ्यांत स्वस्त काय’ हा प्रश्न आधी विचारला की उत्तर चुकतं. आधी ‘कशासाठी’ ठरलं की स्वस्त वाट आपोआप सापडते, आणि पुष्कळदा ती पर्यटकांच्या यादीत नसल्यामुळेच स्वस्त असते. पोहरादेवीच्या मुलापुढे, मुलीपुढे यासाठी एक तयार प्रश्न पडलेला आहे, जो मुंबई-पुण्याच्या मुलांकडे नाही.

युरोपातले रोमा लोक, ज्यांना पूर्वी ‘जिप्सी’ म्हणत, आणि आपण एकाच रक्ताचे, असं बंजारा समाजातल्या पुष्कळांना वाटतं. सभांमधून ते सांगितलं जातं. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ ऑर्पिंग्टन इथे पहिली जागतिक रोमा परिषद भरली. रोमांच्या निळ्या-हिरव्या झेंड्यावर लाल चक्र आहे, ते अशोकचक्राची आठवण करून देतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषदही झाली. रोमानी भाषा भारतीय-आर्य कुळातली, यात वाद नाही. रोमांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी भारतातून निघाले, याबद्दलही बहुतेक अभ्यासकांचं एकमत आहे. पण ते आणि बंजारा एकच? भाषाभ्यासक ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या आपल्या पाहणीत बंजारी बोली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली आणि खानदेशीच्या शेजारी बसवली, ‘जिप्सी’ भाषांचा अकरावा खंड वेगळा काढला. राल्फ टर्नर यांनी १९२६ मध्ये रोमानीचं मूळ भारतीय-आर्य भाषांच्या मध्यवर्ती गटात दाखवलं, तर बंजारीची नाळ राजस्थानीशी जुळते. म्हणजे व्यासपीठावरून जितक्या सहज सांगतात तितकं हे नातं सरळ नाही. हा प्रश्न डोक्यात घेऊन युरोपात हिंडणारा विद्यार्थी सेल्फीसाठी हिंडत नसतो. त्याला ही जोडणी तपासायची असते, आणि कदाचित मोडायचीही.

आणि मग त्याची यादी बघा. बर्लिनमध्ये संसदभवनाच्या शेजारी, झाडीत, नाझींनी मारलेल्या सिंती (रोमांचाच जर्मनीतला एक गट) आणि रोमांचं स्मारक आहे. दानी कारावान यांची रचना, २४ ऑक्टोबर २०१२ ला खुलं झालं. प्रवेशाला पैसे नाहीत. हायडेलबर्गला जर्मन सिंती-रोमांचं दस्तऐवज केंद्र १९९७ मध्ये उघडलं. म्युनिकमध्ये २०१५ पासून नाझी राजवटीच्या इतिहासाचं केंद्र आहे, तिथेही तिकीट लागत नाही. आणि म्युनिक या विषयात महत्त्वाचं आहे, कारण १८९९ मध्ये तिथल्या पोलिसांनी ‘जिप्सीं’ची नोंद ठेवणारी कचेरी उघडली, १९०५ मध्ये त्यांच्या नावानिशी पुस्तक छापलं, आणि १९२६ मध्ये बव्हेरियाने भटक्यांविरुद्ध कायदा केला. नोंद, हजेरी, हद्द. १८७१ चा कायदा ज्याच्या आजोबांनी भोगला त्याला म्युनिकच्या त्या कागदांत जे दिसेल, ते इतर प्रवाशांना दिसणार नाही. त्या रस्त्याचं टोक आउशवित्झला आहे. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथल्या ‘जिप्सी छावणी’तली उरलेली चार हजारांहून अधिक माणसं, बायका-मुलं-म्हाताऱ्यांसकट, मारली गेली. क्राकूपासून ते साधारण ६५ किलोमीटर, वाटाड्याशिवाय गेल्यास तिकीट नाही, मात्र जागा आधी राखावी लागते.

चेक प्रजासत्ताकात बर्नो इथे १९९१ मध्ये रोमानी संस्कृतीचं संग्रहालय रोमा अभ्यासकांनीच पुढाकार घेऊन उभं केलं. बर्नो प्रागपेक्षा स्वस्त, बस मिळते. प्रागला जाऊन पुलावर गर्दीत उभं राहणारे हजारो, बर्नोला जाणारे मोजके. उत्तर मॅसिडोनियात स्कोपिये शहरातच शुतो ओरिझारी ही रोमांची बहुसंख्या असलेली नगरपालिका आहे. तो देश शेंगेनच्या बाहेर, त्यामुळे आपल्या परवान्यावर जाता येतं का ते आधी तपासावं.

आणि शेवटी फ्रान्सच्या दक्षिणेला, कामार्गच्या दलदलीत, समुद्राच्या कडेला सेंत-मारी-द-ला-मेर. दरवर्षी २४ मेला तिथे युरोपभरातून रोमा गोळा होतात. चर्चच्या तळघरातली सारा, जिला ते ‘काली’ म्हणतात, तिची काळी मूर्ती वस्त्रांनी मढवून, खांद्यावर घेऊन समुद्रापर्यंत नेतात. घोड्यांवरचे स्वार, गाणी, मेणबत्त्या, गाड्यांतच थाटलेले संसार. पोहरादेवीची यात्रा लहानपणापासून पाहिलेल्याला तिथे काय वाटेल हे कुणी दुसऱ्याने लिहून चालत नाही. काही भारतीय तिथे जाऊन ‘ही तर आपली दुर्गाच’ म्हणून परततात, ते घाईचं आहे. मिरवणुकीला आजचं रूप १९३० च्या दशकात आलं. पण घाईचं आहे हेसुद्धा तिथे जाऊनच नीट कळतं. आर्लमध्ये स्वस्त बिछाना घेऊन दिवसाच्या बसने जाऊन येता येतं.

हा सगळा दौरा, जर्मनीतून नीट आखला तर, ‘पाच दिवसांत चार राजधान्या’ या पॅकेजहून कमी पैशात बसतो. कारण यातली बरीच ठिकाणं फुकट आहेत, आणि रांगा नाहीत तिथे रांग चुकवायचे पैसेही नाहीत.

मुलींच्या बाबतीत आक्षेपाचा आणखी एक पदर निघतो. मुलगा फिरला तर पैसा वाया, मुलगी फिरली तर आणखी बरंच काही. याडी-बापांची, म्हणजे आई-वडिलांची, काळजी समजते. पण जी मुलगी वाशीमकडच्या मानोऱ्याहून एकटी हैदराबादला, तिथून दोन विमानं बदलून परक्या देशात उतरली, बँक खातं, पोलीस नोंदणी, घरमालक हे सगळं एकटीने निस्तरलं, तिला बर्लिनची बस पकडू नको म्हणणं म्हणजे नदी पोहून आलेल्याला डबक्याची भीती घालणं. काळजी असेल तर मुक्कामाचा पत्ता मागावा, निघाल्या-पोचल्याचा फोन मागावा. परवानगी मागायला लावू नये.

‘याचा गावाला काय उपयोग?’ हा प्रश्न उरतो. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चार मजले, तेरा दालनं. इमारत उभी राहिली, आता ती जिवंत कशी ठेवायची हा प्रश्न आहे. लदेणीच्या नोंदी कुठून आणायच्या, बोलीचं ध्वनिमुद्रण कसं जपायचं, १८७१ च्या कायद्याची दालनात मांडणी कशी करायची, की पाहणारा नुसती छायाचित्रं बघून बाहेर पडणार नाही? बर्नोच्या मंडळींनी हेच प्रश्न तीस वर्षं हाताळले आहेत. त्यांच्याशी बोलून आलेली तांड्यावरची एक मुलगी या संग्रहालयाला सल्लागार कंपनीच्या अहवालापेक्षा जास्त देऊ शकेल. तिच्या बर्नोच्या बसतिकिटाला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी तो अहवाल केवढ्याला पडतो ते एकदा विचारून पाहावं.

खरा राग यायला हवा तो दुसरीकडेच. २०२२ मध्ये राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल झाला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना ती मिळणार नाही, असं ठरलं. म्हणजे पोहरादेवीच्या विद्यार्थ्याने या पैशावर लंडनला जाऊन डेटा विज्ञान शिकावं, पण आपल्या तांड्याचा इतिहास शिकू नये. तांड्याच्या इतिहासाची कितीतरी कागदपत्रं मात्र लंडनमध्येच आहेत. सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दप्तरं ठेवलेली आहेत: वऱ्हाडाचे महसुली अहवाल, गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा पत्रव्यवहार, पोलिसांच्या टिपणी. वाचकाचं ओळखपत्र फुकट मिळतं. एखादी विद्यार्थिनी लीड्स किंवा बर्मिंगहॅमला संगणकशास्त्र शिकत असेल, तर तिच्यापुढे एकच वाट उरते. शनिवारची कामाची पाळी सोडायची, सवलतीच्या तिकिटावर सकाळची गाडी पकडायची आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत ती दप्तरं चाळायची. संध्याकाळी परतताना तिने स्टेशनवर फोटो काढून स्टेटसला टाकला, तर गावाकडे तो प्रश्न पुन्हा उठेल. तो विचारणाऱ्यांनी निदान २०२२ चा नियम कुणी आणि का केला, हेही एखाद्या सभेत त्याच आवाजात विचारावं.